पूजेला मांडलेल्या हातोड्या

"तुमचा हात बाजूला घ्या, ते लाकूड तिचं आहे," असं सुवर्णा साळवे एकदा एका आईला सगळ्यांदेखत म्हणाल्या.

त्या आईचं नाव वेदिका. पाथर्डी फाट्याजवळच्या एका बालवाडीत त्या दिवशी पालकांना वर्गात बसायची मुभा होती, आणि वेदिकाची पाच वर्षांची मुलगी आरोही बुटक्या टेबलाशी उभी राहून करवतीने एक पट्टी कापत होती. करवत अडकली. आरोहीने ओढून पाहिली, निघेना. तेव्हा वेदिकाचा हात पुढे गेला. तो तिने पुढे केला असं म्हणता येणार नाही. तो आपला आपण गेला, जसा आपल्याकडे कुठल्याही आईचा जातो: कपाळावरची टिकली सरळ करायला, घास तोंडात कोंबायला, मुलीने काढलेल्या सूर्याला किरणं काढून द्यायला. त्यात माया असते, हे कबूल. पण त्या मायेने किती बोटं जन्मभरासाठी मुकी करून टाकली, ते कुणी विचारत नाही.

वेदिका लाल झाली. "अहो टीचर, लागेल ना तिला!"

"लागलं तर मी उभी आहे इथे. करवत अडकल्यावर काय करायचं ते तिला माहीत आहे. जरा थांबा."

वेदिका थांबली; पण कशी, तर सिग्नलला रिक्षावाला थांबतो तशी. आरोहीने करवत ढिली सोडली, क्लॅम्प उघडला, पट्टी उलटी करून पुन्हा आवळली आणि दुसऱ्या बाजूने कापायला लागली. दोन्ही काप एकमेकांना भेटलेच नाहीत. शेवटी पट्टी मधेच कडकन मोडली आणि तिच्या टोकाला लाकडाची एक खरबरीत जीभ राहिली. आरोहीने ती जीभ बोटाने चाचपली आणि खुदकन हसली.

"किती वाकडं कापलंय," वेदिका म्हणाली.

आरोहीचं हसू गेलं. सुवर्णाबाईंनी ते जाताना पाहिलं. त्यांनी अशी अनेक हसू जाताना पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांचं डोकं तितकंच फिरायचं. सवय झाली नाही. हाच त्यांचा गुण, असं मला वाटतं. शाळेच्या मते हाच त्यांचा दोष होता.

बालवाडीच्या बाईंनी गोड बोलावं अशी जगाची अपेक्षा असते. सुवर्णाबाईंनी ती कधीच पुरी केली नाही. पन्नाशी उलटलेली, उंच, आवाज खणखणीत, पदर खांद्याला असा पिन लावून बसवलेला की वाऱ्याची हिंमत होऊ नये. मुलं त्यांना घाबरत नसत, हे विशेष. घाबरत ते मुलांचे आईबाप.

त्या मूळच्या मनमाडच्या, रेल्वेच्या क्वार्टर्समधल्या. वडील, पगारे, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जोडारी, म्हणजे फिटर. रविवारी ते दारात बसून काही ना काही दुरुस्त करत, आणि लहानग्या सुवर्णाच्या पुढ्यात जुन्या स्लीपरचा एक तुकडा, हातोडी आणि मूठभर खिळे टाकत. रुळांखाली आयुष्य काढलेलं लाकूड ते, दगडच. खिळा आत जाण्याऐवजी वाकायचा. वडील वाकलेला खिळा पकडीने उपसायचे, ऐरणीवर सरळ करायचे आणि पुन्हा तिच्या हातात द्यायचे. शिकवायचे काही नाहीत. शाबासकीही नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, "पगारेभाऊ, पोरीच्या हातात हातोडी काय देता?" ते मान वर न करता म्हणायचे, "मग काय देऊ? झाडू तर तुम्ही देणारच आहात."

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. वडील प्रसादाचे पेढे घेऊन यायचे. दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जायचे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आणि येताना तिथलेही पेढे आणायचे. दोन्ही पेढे घरात एकाच डब्यात असत. त्यावरून त्या घरात कधी वाद झाल्याचं कुणाला आठवत नाही.

पुढे डी.एड., लग्न, सिडकोतलं घर, नवरा अंबडच्या कारखान्यात, आणि ही बालवाडी. इतक्या वर्षांत त्यांनी मुलांचे हात बदलताना पाहिले. बोट फिरवून फोन उघडणारी मुलं, पण डब्याचं झाकण उघडायला "टीचर, टीचर". शर्टाचं बटण म्हणजे कोडं. तिसऱ्या वर्षी पेन्सिल, चौथ्या वर्षी कर्सिव्ह, कारण पहिलीच्या प्रवेशाला म्हणे विचारतात. आरोही तर खोडरबराशिवाय एक रेघ ओढत नसे. रेघ ओढायची, बघायची, खोडायची. कागद फाटेपर्यंत. आणि दर रेघेमागे मान वर: बरोबर आहे का? पाच वर्षांच्या मुलीला स्वतःच्या रेघेची एवढी धास्ती कुणी बसवली? आपणच. मुलाने चुकू नये म्हणून आपण इतका जीव टाकतो की शेवटी ते काही करायचंच टाकून देतं, आणि मग आपण म्हणतो, पोर किती शांत आहे!

म्हणून सुवर्णाबाईंनी वर्गाच्या एका कोपऱ्यात लाकूडकाम सुरू केलं. अंबड लिंक रोडवरच्या भंगारवाल्याकडून कारखान्यातली पॅकिंगची पाइनची फळकुटं आणली. लाकूड मऊ, मुलांच्या हाताला ऐकणारं. रविवार कारंजावरच्या दुकानातून लहान पण खऱ्याखुऱ्या हातोड्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, पोरांसाठी हवी तर खेळण्यातली मिळेल की पलीकडे."

"खेळण्यातली नको. खोट्या हातोडीला जोर जास्त लावावा लागतो. मग बसते बोटावर."

"तुमच्या मिस्टरांना सांगून बघितलं का हे?" दुकानदाराने डोळे मिचकावले.

"त्यांच्याही बोटावर बसलीय," बाई म्हणाल्या.

एका वेळी तीनच मुलं, डोळ्यांवर चष्मे, आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी: खिळा उपसायला शिकायचं. ठोकणं नंतर. जे काढता येतं, ते ठोकायची भीती वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरी गोष्ट, जिच्यावरून पुढे सगळं घडलं: मोठ्या माणसाचा हात मुलाच्या लाकडाला लागणार नाही. टेबल धरा, क्लॅम्प आवळून द्या, रक्त आलं तर पट्टी लावा. पण लाकडाला हात नाही.

शाळेतल्या मदतनीस लंकाबाई दिंडोरीकडच्या. त्यांना या सगळ्याचं मोठं हसू यायचं. "बाई, आमच्याकडं छाटणीला पोरं कात्र्या घेऊन हिंडतात द्राक्षाच्या बागेत. त्याला कोणी क्लास नाय म्हणत. इथं त्येच करायला तुमी चष्मा लावता."

"त्यांच्या हातात कात्री पोटासाठी असते, लंकाबाई. इथे नाही."

"मंग बरंय. पोट भरलेल्यांचं सगळं शिक्षणच अस्तंय," लंकाबाई म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या.

पालकसभेत मात्र कुणी हसलं नाही. हर्षल नावाच्या मुलाचे वडील उठले, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे, गळ्यात ओळखपत्र तसंच. "मॅडम, आम्ही मुलाला व्हॅन लावून इतक्या लांब पाठवतो ते काय सुतार करायला?"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ज्यांच्या घरात जे असतं, तेच शिकवणार." हळूच, पण ऐकू जाईल इतकं. असल्या वाक्यांचा आवाज आपल्याकडे बरोबर मोजून ठेवलेला असतो.

सुवर्णाबाई मागे वळल्या. कोण बोललं ते दिसलं नाही. सगळे चेहरे सारखेच सभ्य होते. त्या म्हणाल्या, "हो, माझ्या घरात हे होतं. वडील जोडारी होते. आणि हर्षल सुतार झाला तर आधी माझ्याकडे पाठवा, माझ्या कपाटाचं दार कधीचं लागत नाहीये."

यावर थोडं हसणं झालं. पण तक्रारी आल्याच. तेव्हा शाळेच्या संचालिका अंजली मॅडम यांनी तोडगा काढला. अंजली मॅडम वाईट नाहीत, हे इथेच सांगायला हवं. या गोष्टीत वाईट कुणीच नाही, आणि म्हणूनच ती जास्त चीड आणते. मॅडमनी त्या कोपऱ्यावर एक रंगीत पाटी लावली: लिटल मेकर्स स्टुडिओ. पुढच्या आठवड्यापासून तक्रारी बंद. तीच हातोडी, तेच भंगारातलं फळकूट, त्याच सुवर्णाबाई. सुतारकाम म्हटल्यावर ज्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, तेच आता मुलांचे चष्मा लावलेले फोटो स्टेटसला ठेवायला लागले. हर्षलच्या वडिलांनी तर विचारलं, "याचं ॲडव्हान्स लेव्हल पण आहे का?"

श्रमाला आपण एवढे घाबरतो. नाव बदलून, पावडर लावून आणलं, तरच दारात घेतो.

आरोही त्या टेबलापाशी बरेच दिवस नुसती उभी राहिली. मग खिळे उपसायला लागली. इतरांनी वाकवलेले खिळे ती आनंदाने उपसायची, स्वतः ठोकायची नाही. ठोकला आणि वाकला तर? एक दिवस ठोकला. वाकला. तिने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या, मुद्दाम. आरोहीने खिळा उपसला, दुसरा घेतला.

पावसाळा संपता संपता तिने आपल्या कापडी हत्तीसाठी एक बाकडं केलं. वर पालकांसमोर कापलेली ती खरबरीत जिभेची पट्टी, खाली चार पाय, चारही निरनिराळ्या उंचीचे. खिळे एवढे ठोकलेले की लाकडापेक्षा लोखंड जास्त. बाकडं टेबलावर ठेवलं तर ते एका बाजूला कललं. आरोहीचा चेहरा पडणार, तोच तिचं बोट त्याला लागलं आणि ते दुसऱ्या बाजूला गेलं. टक. पुन्हा बोट. टक.

"हे डुलतं!" ती ओरडली. त्या मुलीचा एवढा मोठा आवाज वर्गाने पहिल्यांदाच ऐकला. मग रांग लागली. प्रत्येकाला ते डुलवून बघायचं होतं. हर्षलने स्वतःचं विमान आणून त्यावर बसवलं. आरोही कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि एकेकाला सांगत राहिली, "हळू. त्याला हळू डुलायला आवडतं."

शाळा सुटताना वेदिकाने ते पाहिलं. "छान केलंस ग बाळा. हा एक पाय थोडा कापला की बसेल सरळ."

"नाही," आरोही म्हणाली. "त्याला डुलायचंच आहे."

आईला 'नाही' म्हणायची तिची ती पहिली वेळ असावी. आरोही मागे वळून बाईंकडे आली. "टीचर, हे असंच राहील ना?"

"असंच राहील. कुणी हात लावणार नाही त्याला."

सुवर्णाबाईंनी शब्द दिला. मुलांना शब्द देताना मोठी माणसं फारसा विचार करत नाहीत, कारण मोडला तर मूल कुठे जाणार जाब विचारायला? सुवर्णाबाईंनी विचार करून दिला होता. संध्याकाळी चहा टाकताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आज एक पोरगी सुटली." नवऱ्याला वाटलं, शाळेतून कुणी पळून गेलं.

नवरात्र आलं. खंडेनवमीला लिटल मेकर्स स्टुडिओत हत्यारांची पूजा करायची, मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं, पाहुणे म्हणून संस्थेला मदत करणारे एक बिल्डर बोलवायचे, असं अंजली मॅडमनी ठरवलं. सुवर्णाबाईंचा पूजेला विरोध नव्हता. उलट मनमाडच्या वर्कशॉपची गोष्ट त्यांनीच मुलांना सांगितली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "पूजा झाली की मुलांना ठोकू द्यायचं ना? पालकांना दिसू दे कसं करतात ते."

"अहो बाई, पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावतात का?"

"मग पालक बघणार काय?"

"वस्तू बघतील की. मुलं नटून येतील, नऊवारी, धोतर. घामाघूम कशाला करायचं त्यांना?"

बाईंनी ते तिथेच सोडून दिलं. एका दिवसाचा प्रश्न होता. आदल्या दिवशी त्यांची रजा होती. वडिलांना डॉक्टरकडे न्यायला मनमाडला जायचं होतं. जाताना त्यांनी लंकाबाईंना सांगितलं, वस्तू जशा आहेत तशा टेबलावर मांडा, बस्स.

खंडेनवमीच्या सकाळी त्या शाळेत आल्या. दाराला झेंडूचं तोरण. चौरंगावर हातोड्या, करवती, पकडी, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, मुठींना लाल नाडा बांधलेला. आणि पलीकडच्या लांब टेबलावर पांढऱ्या चादरीवर मुलांच्या वस्तू. लाल, निळ्या, पिवळ्या. चमकत होत्या. ऑइलपेंटचा वास नाकात भरला. प्रत्येकीपुढे लॅमिनेट केलेलं नाव.

मधोमध आरोहीचं बाकडं. गुलाबी. खरबरीत जीभ गेली होती. कड घासून गुळगुळीत केलेली. खिळे दिसत नव्हते. भोकं पुट्टीने बुजवलेली. सुवर्णाबाईंनी बोटाने एका टोकाला दाबलं. ते हललं नाही. दुसऱ्या टोकाला दाबलं. चारही पाय एका उंचीचे होते.

"ताई, हात नका लावू, रंग ओलाय अजून," मागून आवाज आला. गोरक्ष नावाचा सुतार स्टेजच्या मागची चौकट ठोकत होता. त्याच परिसरातला, शाळेची कामं करणारा.

"हे तू केलंस?"

"म्हणजे, केलं पोरांनीच. मॅडम म्हणल्या, जरा फिनिशिंग मारून दे. काल सकाळधरनं बसलो." तो हसला. "लय खिळे वाकडे होते ताई. काढून काढून हात दुखले. काही तर निस्ती लाकडंच होती, त्यांला आकार दिला. चांगलं झालं ना?"

काम खरंच चांगलं होतं. एकही कड उठलेली नाही, रंगाचा एकही ओघळ नाही. त्याला काय बोलणार? सुवर्णाबाई तरातरा ऑफिसात गेल्या.

अंजली मॅडम आरशासमोर गजरा लावत होत्या. "आलात? पाहिलं का टेबल? गोरक्षने काय कमाल केलीय!"

"कुणाला विचारून?"

"कशाला विचारायचं? चार लोक येणार, समोर वाकडंतिकडं मांडायचं का? लोक म्हणतील बाईंनी काही शिकवलंच नाही."

"मुलं पाच वर्षांची आहेत, मॅडम."

"म्हणूनच तर! पाच वर्षांच्या मुलांनी एवढं सुंदर केलं म्हटल्यावर..."

"त्यांनी केलेलं नाही."

"अहो, मूळ त्यांचंच आहे की. आपण फक्त जरा नीट केलं. मुलीचं लग्न असलं तर पार्लरला पाठवत नाही का आपण?"

"पार्लरला एक मुलगी पाठवलीत आणि दुसरीच घरी आणून बसवलीत तुम्ही."

मॅडम हसल्या. त्यांना ते वाक्य आवडलं. कदाचित त्या दिवशी त्यांनी ते आणखी कुणाला सांगितलंही असेल. "चिडू नका हो बाई सणाच्या दिवशी. मुलं काय, विसरतात. रंग बघून खूशच होतील. आणि आज तुमचा सत्कार आहे, माहितेय ना? शाल मी स्वतः निवडलीय."

"आरोहीचं बाकडं टेबलावरून काढा. बाकीचं मी नंतर बोलते."

"तेच तर मधे ठेवलंय! तिची आई किती खूश झाली काल. म्हणाली, आता दिसतंय बाकड्यासारखं."

म्हणजे वेदिकाला माहीत होतं. कापलेले पाय तिने पाहिले होते. कुणाला लपवावंसंही वाटलं नव्हतं, कारण यात लपवण्यासारखं काही आहे हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. घरी पाहुणे येणार म्हणून भिंतीवरच्या पोरांच्या रेघोट्या पुसायच्या, तितकं साधं.

सुवर्णाबाईंना त्याच क्षणी निघून जाता आलं असतं. त्या थांबल्या एवढ्यासाठी, की आरोही आली की तिला बाजूला घ्यायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी शब्द दिला होता, तो मोडला, मी इथे नव्हते. टेबल बघण्याआधी तिला हे कळायला हवं होतं. त्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. मुलं येत होती, गाड्यांतून उतरत होती, सुटणारी छोटी धोतरं आवळत होती. आरोही आली नाही. पूजा सुरू झाली. बाईंना आत बोलावलं.

मुलांना चौरंगापुढे हात जोडून उभं केलं. रोज ज्या हातोड्यांची मूठ त्यांच्या घामाने ओली व्हायची, त्यांच्यासमोर मुलं आता डोळे मिटून उभी होती. एकाने सवयीने हात पुढे केला. "शू! बाप्पा आहे तो," कुणीतरी त्याचा हात मागे ओढला.

"मग ठोकायचं कधी?" हर्षलने विचारलं. मोठी माणसं हसली. किती गोड!

वर्षभर ज्याला हात लावायची लाज, त्याला एक दिवस हळदकुंकू. पूजा करून टाकली की वापरायची जबाबदारी संपते, हे आपल्याला फार चांगलं जमतं. आणि पोरं बघत असतात. पोरं ते सगळं शिकतात, आपण शिकवत नाही तेही.

बिल्डर साहेबांचं भाषण झालं. हाताने काम करणाऱ्यांबद्दल आपल्याला किती आदर आहे हे त्यांनी सांगितलं. गोरक्ष तेव्हा बाहेर उभा होता. आत खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या.

मग मुलांनी एकेक येऊन आपली वस्तू दाखवायची होती. तेवढ्यात वेदिका आरोहीला घेऊन धावत आली, नऊवारीच्या निऱ्या सुटल्याने उशीर झाला म्हणत, आणि तिला थेट टेबलापाशीच नेलं. सुवर्णाबाई भिंतीशी होत्या. मधे खुर्च्यांच्या रांगा, उभे राहिलेले पालक, वर धरलेले फोन. त्या पुढे सरकायला लागल्या, कुणीतरी म्हणालं, "टीचर, जरा खाली बसा ना, फ्रेममध्ये येताय."

"आणि आता आपली आरोही!" अंजली मॅडम माइकवर म्हणाल्या. "सांग बेटा, तू काय केलंस?"

आरोहीने टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग टाचा उंचावून पुन्हा पाहिलं. "माझं कुठाय?"

"हे काय, समोरच!"

"हे नाही. माझं डुलतं."

माइक चालू होता. सगळं सभागृह हसलं. प्रेमाने हसलं, हे मी पुन्हा सांगतो. आरोहीने गुलाबी बाकड्याला बोट लावलं. ढकललं. ते हललं नाही. बोटाला रंग लागला. ती बोटाकडे बघत राहिली.

"अगं तुझंच आहे, रंग दिलाय ना त्याला," मॅडम म्हणाल्या.

"त्याचे पाय कुठायत?"

आता हसणं थोडं कमी झालं. मागे कुणीतरी घड्याळ पाहिलं. वेदिका घाईने तिच्याजवळ वाकली, पदर सावरत, कानाशी. पण माइक सगळं ऐकवत होता. "आरू, असं नाही करायचं बाळा. सगळे थांबलेत ना? म्हण, मी केलं. पटकन म्हण."

आरोहीने मान वर केली. एकेक चेहरा पाहिला. सगळे हसरे होते, सगळे वाट बघत होते, आणि सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं. ते उत्तर तिला समजलं. आपल्याकडच्या मुलांना ते फार लवकर समजतं. तिने माइकजवळ तोंड नेलं, आणि पाठ केल्यासारखं, स्वच्छ आवाजात म्हणाली, "हे बाकडं मी केलं. थँक यू."

टाळ्या. केवढ्या टाळ्या! आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं ती बोलली होती, आणि शाळा, आई, पाहुणे, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. वेदिकाने तिला उचलून मुका घेतला. "शहाणी माझी बाय ती!"

सुवर्णाबाई एव्हाना टेबलापर्यंत पोहोचल्या होत्या. वेदिकाने मुलीला खाली ठेवलं, तशा त्या तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. "आरोही," त्या म्हणाल्या.

आरोहीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती फोटोसाठी हसत होती, ओठ तेवढेच उघडून, जेवढे फोटोला लागतात. रंगाचं बोट तिने मागे, निऱ्यांत पुसलं.

"आता ज्यांच्यामुळे हा स्टुडिओ उभा राहिला, त्या आपल्या सुवर्णा टीचर यांचा सत्कार आदरणीय साहेबांच्या हस्ते..." अंजली मॅडमनी शाल उलगडली. बिल्डर साहेबांनी नारळ हातात घेतला. "या ना बाई. बघा, कशा लाजतायत!"

सुवर्णाबाई गुडघ्यावरून उठल्या. क्षणभर त्या शालीकडे पाहत उभ्या राहिल्या. मॅडमचे दोन्ही हात शाल पसरून हवेत होते, साहेब फोटोग्राफरकडे तोंड करून तयार होते. मग त्या वळल्या. खुर्च्यांच्या मधून, वर धरलेल्या फोनच्या खालून त्या दाराकडे निघाल्या. माइकमधून "बाई? अहो बाई?" ऐकू आलं. दाराशी लंकाबाई पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. "बाई, पेढा तं घ्या," त्या म्हणाल्या, आणि चेहरा पाहून बाजूला झाल्या.

सुवर्णाबाईंनी चपला पायात सरकवल्या, फाटकाची कडी काढली, आणि बाहेर पडल्या.